भाजावळीतल्या चिंध्या

ती पोती मी नेली होती. कुणा भंगारवाल्याने नव्हे, आणि वहिनीने मागितलीही नव्हती. मिरजोळ्याच्या शेडमधून टेंपोत घालून, गावच्या फाट्यावर उतरवून, तिथून एकेक डोक्यावर वाहून मी ती सहा पोती तिच्या मळीच्या, म्हणजे वहाळाकाठच्या भातशेताच्या, बांधावर टाकली आणि "भाजावळीत घाल" म्हणून सांगितलं. लिहायला ही दोन-तीन वाक्यं सोपी आहेत. तोंडाने बोलायला मला नऊ वर्षं लागली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आई त्याआधीच गेलेली. भाऊ मुंबईला छापखान्यात कामाला, वर्षातून दोनदा यायचा. त्यामुळे माझं जेवणखाण, शाळेचे कपडे, ताप-खोकला सगळं तिनेच बघितलं. मी तिला आईसारखं 'तू' म्हणायचो आणि ती मला, नवऱ्याचा भाऊ म्हणून, 'तुमी' म्हणायची. मी शेंबडा पोर होतो तेव्हाही. "भावजी, नाक पुसा," असं मानाने सांगायची.

घरची भातशेती तिच्या अंगावर होती. हातखंब्याच्या पुढे, आतल्या बाजूला आमचं गाव. शेत थोडकं, पण त्या शेतात तिचा शब्द चालायचा. लावणीला बायका जमल्या की वहिनीची ओळ सगळ्यांच्या पुढे असायची. तिची बोटं चिखलात अशी चालायची की रोप लावलं कधी ते कळायचं नाही. दुसऱ्यांच्या शेतावरही तिला आधी बोलावणं यायचं.

भाजावळ म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. पण आता आमच्याकडच्या मुलांनाही ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, आणि गवत, वरून माती भुरभुरवायची. मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवायचं. ज्वाळा नकोत, धुमसत जळायला हवं. तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते, रोप तरारून येतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिला कवळ मिळेना. डोंगरावरचे ऐन-किंजळ ठेकेदाराने तोडून नेले होते. मी एका रविवारी घरी गेलो तर ती म्हणाली, "यंदा भाजावळ अर्धीच व्हनार वो. पातेरा गोळा करून करून किती करू? पानं तरी गाळायला झाडं नकोत?"

मी म्हणालो, "थांब, मी आणतो काहीतरी."

त्या 'काहीतरी'चा ढीग माझ्या शेडच्या मागे पडलेला होता. मी तेव्हा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमध्ये सुपरवायझर होतो. शाळेची दप्तरं, बॅगा आणि पावसाळी जाकिटं तिथे शिवली जायची. कापड सगळं नायलॉनचं नाहीतर पॉलिएस्टरचं. कापताना कडेचं जे कात्रण उरायचं ते आम्ही मागच्या सड्यावर, उघड्या कातळावर, टाकायचो. निळं, लाल, हिरवं, डोंगरासारखं साचलेलं. पावसात त्यातलं बरंच वहाळातून खाडीकडे वाहून जायचं, आणि मला बरंच वाटायचं, की चला, तेवढं कमी झालं. पुढे कुठे जातं याचा विचार मी केला नाही. कोणीच केला नाही.

त्या वर्षी पलीकडच्या काजूवाल्याने तक्रार केली. त्याच्या वाळत घातलेल्या बियांत आमचे धागे उडून पडत होते. मालक मला म्हणाले, "हा ढीग इथून हलला पाहिजे. कसा ते तू बघ."

मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने चिंधी हातात घेऊन चुरगाळली आणि परत ढिगावर टाकली. "साहेब, सुती आणा, गॅरेजवाले उड्या मारून घेतील. हे पाणी पीत नाय, तेल पीत नाय. ह्याचं मी काय लोणचं घालू?"

तेव्हा मला वहिनीची भाजावळ आठवली. मालकांना म्हणालो, "मी लावतो विल्हेवाट." ते म्हणाले, "शाबास." एवढंच. पण ती शाबासकी मी दिवसभर मनात घोळवत होतो.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती सांगतो. हे कापड कसं जळतं ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे दप्तराचा पट्टा कापला की टोक उसवू नये म्हणून ते तापलेल्या पात्यावर टेकवायचे. टोक वितळायचं आणि निवून मण्यासारखं टणक व्हायचं. त्या कामावरच्या बायकांच्या बोटांना कायम फोड. त्यातली एक मला म्हणाली होती, "साहेब, गरम तेल बरं. हे चिकटलं की कातडं घेऊनच निघतं." मी तिला मलमाची ट्यूब आणून दिली होती. म्हणजे मला कळलेलं होतं, आणि तरीही मी पोती भरली.

वहिनीने पोत्यात हात घालून मूठभर निळ्या पट्ट्या बाहेर काढल्या.

"हे काय वो आणलाव? शाळा लुटलाव काय कुठली?"

"कात्रण आहे. खाली घाल, वर पातेरा टाक. भुरुभुरु जळेल."

तिने एक पट्टी बोटांत चोळून बघितली. "ह्याला सुताचा हात नाय. जळल ना नीट?"

"कपडाच तो. जळणार नाय तर काय उगवणार?"

ती हसली. म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमी सांगाल तसं."

दुसऱ्या रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, आम्ही दोघांनी मिळून रचलं. खाली शेण, मग माझी पोती, मग पातेरा, माती. तिने पेटवलं. पहिली दहा-पंधरा मिनिटं नेहमीसारखी गेली. मग आग कात्रणापर्यंत पोचली आणि धूर काळा झाला. केस जळल्यासारखा वास सुटला, डोळे चुरचुरायला लागले. आतून जळते थेंब चर्रचर्र करत पडू लागले. वहिनीने नाकाला पदर लावला आणि काठीने एक कडा उचलून बघितली.

"भावजी, हे वितळतंय."

"वितळू दे. मागनं राख होईल."

मला बाराची एसटी पकडायची होती. मी घड्याळ बघितलं. ती काठीने ढोसत होती आणि काठीच्या टोकाला काळा, जळता गोळा लोंबत होता, तो मी बघितला. बघून निघालो. चढणीवर पोचून मागे वळलो तर मळीतून काळ्या धुराचा खांब सरळ वर गेलेला. मी हात केला. तिने केला का, ते धुरात दिसलं नाही.

पुढचं मला शेजारणीकडून कळलं. मी गेल्यावर थोड्याच वेळात वारा फिरला. पेटलेल्या पट्ट्यांचा एक झुबका गोठ्याजवळच्या पेंढ्याच्या उडवीकडे सरकला. वहिनीने तो काठीने उचलून बाजूला फेकायला बघितला, पण तो काठीला चिकटून बसला, सुटेना. गोठ्यात जनावरं बांधलेली. तिने हाताने ओढून काढला. तो काठीवरून सुटला आणि हाताला चिकटला. शेजारीण म्हणाली, "बादलीत हात घातलान तरी आत जळतच व्हतं वो."

दोन दिवसांनी शेडच्या फोनवर निरोप आला. मी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. मला बघून म्हणाली, "जेवलाव काय?"

तिसऱ्या दिवशी भाऊ मुंबईहून आला. प्रवासाने शिणलेला, घाबरलेला. आमच्याकडच्या पुरुषांची भीती रागातूनच बाहेर पडते.

"चिंध्या जाळतात भाजावळीत? कोणी सांगितलंन तुला? कोणी दिलंन?"

मी खिडकीपाशी मोसंबं सोलत उभा होतो. वहिनीने एकदाच माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे बघून म्हणाली, "भंगारवाला फाट्यावर टाकून गेला व्हता. मीच उचलून आणलं."

"फुकटचं दिसलं की उचलायचं! अक्कल गहाण ठेवलीस काय?" शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली तरी तो थांबला नाही. "एक शेत सांभाळायला दिलं, तर हा उजेड!"

मी मोसंब्याच्या फोडी ताटलीत मांडल्या. मनात म्हटलं, आत्ता नको, भाऊ चिडलेला आहे, घरी गेल्यावर शांतपणे सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, पट्टी सुटू दे. मग म्हटलं, आता त्याने काय फरक पडणार? खरं म्हणजे मला भिण्यासारखं काही नव्हतं. भाऊ माझ्यावर हात उगारणार नव्हता, मालक नोकरीवरून काढणार नव्हते. घरात शिकलेला, समजूतदार म्हणून माझं जे नाव होतं, तेवढंच गेलं असतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो.

हात वाचला, पण तीन बोटं आत वळून आखडली. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट तेवढं चालायचं. रोपाच्या तुकड्यावर डांबरासारखी साय धरली होती. ती कुदळीने फोडून बी पेरलं, पण नीट उगवलं नाही, आणि त्या वर्षी रोप शेजाऱ्यांकडून मागून आणावं लागलं. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा रोप मागितलं. भावाने तिला न विचारता पुढच्या सालापासून शेत एका शेजाऱ्याला अर्धेलीने देऊन टाकलं. "तुझ्याच्यानं होणार नाही," एवढंच म्हणाला.

लावणीच्या दिवसांत ती बांधावर जाऊन बसायची. तिच्या शेतात दुसऱ्यांचे हात. न राहवून सांगायची, "गो, दाट लावू नका, जरा हात सोडून लावा." चिखलातून कोणीतरी तोंडावर पदर घेत म्हणायची, "वयनी, तुमी आपल्या चिंध्या वेचा." सगळ्या हसायच्या. तीही हसायची. गावात तिला मागे चिंधीवाली म्हणत, ते तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

मी काय केलं, तर शेडमधल्या ढिगाच्या मागे लागलो. मालकांना म्हणालो, हे कात्रण कोणीतरी घेणारं असेलच, मी शोधतो. ते म्हणाले, "शोध बाबा, शाबासकी तुझीच." पत्रं लिहिली, विचारत फिरलो. शेवटी इचलकरंजीकडचा एक व्यापारी मिळाला. तो कात्रण यंत्रात पिंजून उशा-गाद्यांत भरायला विकायचा. पण त्याची अट होती की नायलॉन वेगळं, पॉलिएस्टर वेगळं. नुसतं बघून ते कळत नाही. कोपरा पेटवून बघावा लागतो. एकाचा धूर पांढरट, एकाचा काळा, काजळी धरणारा. जेवणाच्या सुट्टीनंतर मी मेणबत्ती घेऊन बसायचो आणि एकेक तुकडा पेटवून वेगळा करायचो. तो वास रोज नाकात जायचा. मला वाटायचं, हीच आपली शिक्षा. ज्यात दोन्ही धागे एकत्र होते, किंवा ज्याला मागून रबरी अस्तर चिकटवलेलं होतं, ते मात्र तो व्यापारीही घेत नव्हता. ते पोत्यात भरून ठेवायचं. त्या पोत्यांनी पुढे शेडची एक अख्खी खोली भरली, आणि त्यांचं काय करायचं ते मी नोकरी सोडेपर्यंत मला कळलं नाही.

या कामाचं लोकांना कौतुक वाटलं. वसाहतीतले दुसरे शेडवाले मला विचारायला यायचे. गावी गेलो की मी वहिनीला सगळं सांगायचो, चिंध्यांच्या उशा कशा होतात, पिंजल्यावर कापसासारखं कसं दिसतं. ती डाव्या हाताने भाकरी थापत ऐकायची. एकदा म्हणाली, "बरं झालं. कोणाच्या तरी डोक्याखाली तरी गेलं." मी त्यात माफी ऐकली. ऐकायची होती म्हणून ऐकली.

भाऊ निवृत्त होऊन कायमचा गावी आला त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने शेत परत घेतलं आणि मळी नांगरायला भाड्याने पॉवर टिलर आणला. मीही गेलो होतो. शेजाऱ्याने इतकी वर्षं पडीकच ठेवलेल्या रोपाच्या तुकड्यात टिलर शिरला आणि दोन हेलपाट्यांत घरघरून बंद पडला. चालवणाऱ्याने तो उलटा केला. पात्यांना पट्ट्या गुंडाळून बसल्या होत्या, हातभर लांब, मातीने माखलेल्या. ज्या खाली राहून जळल्या नव्हत्या, त्या नऊ पावसाळे मातीत होत्या तशाच. त्याने एक ओढून काढून पँटला पुसली तर आत निळा रंग, काल कापल्यासारखा.

"काका, हे काय पेरलंत? दप्तरं उगवायची होती काय?" चालवणारा हसत म्हणाला.

भाऊ कोयत्याने पट्ट्या कापत होता. घराकडे तोंड करून ओरडला, "ये, ये, बघायला ये! तुझं पीक आलंय वर!"

वहिनी आली. टिलरच्या पात्याशी बसून दोन बोटांत पट्टी धरून ओढू लागली. पट्टी निसटत होती, ती पुन्हा धरत होती. भाऊ वरून बोलतच होता, "नऊ वर्षं झाली, तरी तुझी ही घाण निस्तरतोय मी..."

"दादा, ती पोती मी आणली होती," मी म्हणालो.

त्याला आधी कळलंच नाही. "कुठली पोती?"

"ही. माझ्या शेडमधली. भंगारवाला नव्हता कोणी. मीच आणून दिली आणि जाळ म्हणून सांगितलं. ती खोटं बोलली."

टिलरवाला तोंड फिरवून बिडी शोधायला लागला. भाऊ कोयता हातात धरून उभा होता.

"तू तेव्हा होतास. हॉस्पिटलात."

"होतो."

"मी तिला तुझ्यासमोर बोललो सगळं."

"होय."

त्याने मला मारलं असतंन तर बरं झालं असतं. वहिनीकडे एकदा बघून तो खाली वहाळाकडे गेला आणि बराच वेळ तिथेच थांबला. वहिनी उठली, हात झटकले आणि घरात गेली.

मला वाटलं होतं, बोललो की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. दुपारी तिने आम्हा दोघांना वाढलं. भाऊ खाली मान घालून जेवला. तिने मला दुसऱ्यांदा भात विचारला नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

जेवणं झाल्यावर ती मागच्या अंगणात कोकमं फोडायला बसली. मी समोर जाऊन बसलो. तिने चार-पाच कोकमं फोडली. मग मान वर न करता म्हणाली, "आज कशाला सांगितलाव?"

"खरं होतं ते."

"खरं तवा पन व्हतं."

मी म्हणालो, "तू मला वाचवायला खोटं बोललीस, आणि मी..."

"वाचवायला नाय वो." तिने हातातलं कोकम टोपलीत टाकलं. "इस्पितळात यांनी इचारलं तवा मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं, भावजी आता बोलतील. नाय बोललाव. मग मी खोटं बोल्ले. त्यानंतर पन वाट बघितली, खोटं ऐकून तरी बोलतील. तुमी फोडी मांडत व्हताव." पुढचं कोकम उचलून म्हणाली, "हाताचं काय, जनावरं वाचली. पन मीच नाक पुसून वाढवलेला पोर, नि तो माझ्याकडं बघूनशान गप उभा. त्याचं लागलं. मगे उशांचं सांगत आलाव, त्या व्यापाऱ्याचं सांगितलाव. मी दर टायमाला म्हनायची, आता बोलतील."

शेतात मी भावाला पोती आणल्याचं सांगितलं होतं. पण तापलेल्या पात्याचं, त्या बायकांच्या बोटांचं, त्यांतल्या एकीच्या बोलण्याचं मी त्यालाही सांगितलं नव्हतं. वहिनीला तर ते ठाऊकच नव्हतं. ती समजत होती की मी नेणतेपणी चुकलो आणि जाणतेपणी फक्त गप्प बसलो. तेवढ्यावर थांबता आलं असतं. तिने कदाचित त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी मला पुन्हा भात विचारला असता.

मी म्हणालो, "वयनी, हे कापड वितळतं आणि कातडीला चिकटतं, ते मला आधीपासून ठाऊक होतं. शेडमधल्या बायकांची बोटं मी बघितली होती. तरी तुला जळेल म्हणून सांगितलं, कारण मला तो ढीग हलवायचा होता. वितळतंय म्हणून तू मला सांगितलंस, तेव्हा मी घड्याळ बघितलं. हॉस्पिटलात तू माझी वाट बघत होतीस तेही मला कळलं होतं, आणि मी कळलं नाही असं दाखवलं. तुझा हात माझ्यामुळे गेला, शेत माझ्यामुळे गेलं, आणि लोकांनी नावं ठेवली तुला. मी चुकलो नाही वयनी, मी वाईट वागलो. मला माफ कर. नाही केलंस तरी मला ते सांगायचं होतं."